दोन सेंटच्या टेबलापासून: ऑनलाइन पोकरची गंगाजळी कशी उभी करावी

पोकर खेळायला बाजूला काढलेल्या सगळ्या पैशाला खेळाडू बँकरोल म्हणतात. मला त्यासाठी आपला जुना शब्द जास्त पटतो: गंगाजळी. रोजच्या खर्चात मिसळायची नाही, एका दमात बाहेर काढायची नाही, आणि अडचणीच्या दिवसांत हिच्यावरच तग धरायचा. लंडनजवळ राहायला आल्यावर मी पहिल्यांदा पन्नास पौंड भरले आणि तीन संध्याकाळींत घालवले. पानं वाईट आली होती असं नाही. पन्नास पौंडांत जिथे बसायला नको होतं तिथे मी बसलो होतो. दुसऱ्या वेळी साठ डॉलर भरले, सगळ्यात खालच्या टेबलावर बसलो, आणि ते टिकले. पुढे लिहिलंय ते त्या दुसऱ्या वेळचं आहे.

दिवाळीत तीन पत्ती किंवा गणपतीच्या जागरणात रमी खेळलेल्यांना पानांची ओळख असते. टेक्सास होल्डेमचे नियम त्यांना अर्ध्या तासात कळतात, म्हणून ते इथे सांगत बसत नाही.

आधी कायदा पाहा

भारतात राहत असाल तर पैशाचा भाग इथेच सोडा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ लोकांना पुरवायला त्याने बंदी घातली, मग ते खेळ कौशल्याचे असोत की नशिबाचे. अशा व्यवहारांना बँकांनी हात लावू नये, असंही त्यात आहे. त्यामुळे पुण्यात किंवा पणजीत बसून परदेशी साइटवर आडमार्गाने पैसे पाठवायच्या फंदात पडू नका. तिथे तुमचे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. फुकटच्या चिप्सवर मात्र मनसोक्त शिकता येतं. गोव्यात मांडवीतल्या कसिनो जहाजांवर समोरासमोर बसून खेळता येतं, पण तिथली रक्कम आपल्या सेंटच्या टेबलापेक्षा कितीतरी मोठी असते. तळापासून गंगाजळी बांधायची ती जागा नव्हे.

हा लेख मुख्यतः ब्रिटन, कॅनडाचं ओंटारिओ, अमेरिकेतली न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन अशा ठिकाणच्या मराठी माणसांसाठी आहे, कारण तिथे परवानाधारक साइट आहेत. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर ऑनलाइन पोकर पुरवणं बंद झालं. वयाची अटही जागेप्रमाणे बदलते: ब्रिटनमध्ये १८, ओंटारिओत १९, अमेरिकेतल्या या राज्यांत २१. आणि सुट्टीला भारतात घरी आलात की खातं उघडू नका. व्हीपीएन लावून, म्हणजे आपण कुठे आहोत ते लपवून खेळणं साइटच्या नियमांत बसत नाही. पकडले गेलात तर खातं गोठतं, आणि आतले पैसेही.

पहिली पायरी: रक्कम ठरवा आणि वेगळी ठेवा

साठ डॉलर पुरतात. ते का पुरतात, ते पुढे येईलच. ही रक्कम उद्या शून्य झाली तर घरभाडं, मुलांची फी, गावी पाठवायचे पैसे यांतल्या कशालाही धक्का लागणार नाही, एवढी खात्री आधी करा. घरात जोडीदार असेल तर रक्कम सांगून टाका. हे मी मनापासून सांगतो: लपवून खेळणाऱ्याला हरल्यावर दुप्पट घाई होते, कारण त्याला पैसे आणि गुपित दोन्ही भरून काढायचं असतं.

उधारीच्या पैशावर तर खेळूच नका. ब्रिटनमध्ये १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगाराच्या खात्यात पैसे भरायला बंदीच आहे, आणि ते योग्यच आहे.

खातं काढताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लगेच देऊन टाका. पैसे काढायच्या वेळी ही कागदपत्रं मागितली गेली की नवखे घाबरतात. त्याच दिवशी महिन्याला जास्तीत जास्त किती पैसे भरू, ही मर्यादा खात्यात घालून ठेवा. पहिल्या भरण्यावर बोनस देतात, त्याची अट वाचा. बहुतेक ठिकाणी ती रक्कम एकदम मिळत नाही. तुम्ही जसजसा रेक भरता तसतशी ती तुकड्यातुकड्याने सुटते, आणि तिला मुदतही असते. मुदत संपायच्या आत बोनस सोडवायचा म्हणून रात्र जागवण्यात काही अर्थ नाही.

रेक म्हणजे प्रत्येक डावातून साइट कापून घेते तो हिस्सा. खालच्या टेबलांवर तो पॉटच्या, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशाच्या, साधारण साडेतीन ते पाच टक्के असतो. टेबलावरच्या सगळ्यांपेक्षा थोडं बरं खेळून भागत नाही. हा कर भरूनही काही उरेल इतकं बरं खेळावं लागतं.

दुसरी पायरी: तीस बाय-इनचा हिशेब

सगळ्यात खालच्या टेबलावर ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधीच दोघांनी टाकायच्या सक्तीच्या रकमा, १ आणि २ सेंट असतात. त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड. शंभर बिग ब्लाइंड घेऊन बसायचं म्हणजे २ डॉलर. हा एक बाय-इन. साठ डॉलर म्हणजे असे तीस बाय-इन. पुढचं टेबल २ आणि ५ सेंटचं, बाय-इन ५ डॉलर. त्यापुढचं ५ आणि १० सेंटचं, बाय-इन १० डॉलर.

दहा का नाहीत, तीसच का? समजा तुम्ही खरोखर चांगले आहात आणि दर शंभर डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड जिंकता. या टेबलांवर हा चांगला वेग आहे. दहा हजार डावांत तुम्हाला ५०० बिग ब्लाइंड, म्हणजे ५ बाय-इन मिळायला हवेत. पण सहा जणांच्या टेबलावर शंभर डावांतले चढउतार ९० बिग ब्लाइंडच्या आसपास असतात. गणित केलं तर दहा हजार डावांत निव्वळ नशिबाचं हेलकावणं येतं ९ बाय-इनचं. म्हणजे असे दहा चांगले खेळाडू घेतले तर दहा हजार डाव खेळूनही त्यातले जवळजवळ तिघे तोट्यात असतील. त्यांची चूक नसतानाही. एक लाख डाव झाल्यावर मात्र शंभरातले चारच तोट्यात उरतात.

हे आकडे मला आधी कुणी सांगितले असते तर मी आठ बाय-इन हरल्यावर स्वतःच्या खेळावरचा विश्वास घालवला नसता, आणि त्याआधी सहा बाय-इन जिंकल्यावर स्वतःला शहाणाही समजलो नसतो. एक्क्यांच्या जोडीसमोर राजांची जोडी असेल आणि सगळे पैसे पान उघडण्याआधीच मध्ये गेले, तरी एक्केवाला पाचातून एकदा हरतो. गंगाजळी त्या एका वेळेसाठी असते.

टूर्नामेंट खेळणार असाल तर हे चढउतार आणखी मोठे. तिथे बहुतेक वेळा हात रिकामेच राहतात आणि कधीतरी मोठं बक्षीस लागतं, म्हणून शंभर प्रवेशफीपेक्षा कमी पैसे असू नयेत. नवख्याने आधी कॅश टेबल (जिथे चिप्स म्हणजे थेट पैसे) शिकावं असं माझं मत आहे. वाटेल तेव्हा उठता येतं, आणि प्रत्येक डावात ब्लाइंड तेवढेच राहतात.

तिसरी पायरी: एक टेबल, सहा खुर्च्या, पूर्ण शंभर ब्लाइंड

सुरुवातीला एकच टेबल लावा. दोन दिवसांत कंटाळा येईल, तरी एकच. त्या मोकळ्या वेळात समोरच्यांकडे बघा: कोण प्रत्येक डावात पैसे टाकतो, कोण फक्त चांगल्या पानांवरच हात उचलतो, कोण शेवटपर्यंत सोडत नाही. साइटवर खेळाडूच्या नावाला रंग लावायची किंवा टिपण ठेवायची सोय असते, ती वापरा. पानं टाकल्याबरोबर दुसऱ्या टेबलावर नेणारा झटपट प्रकार महिनाभर दूर ठेवा. त्यात माणसं ओळखायची सवयच लागत नाही.

कोणती पानं खेळायची? सगळ्यात आधी बोलायची पाळी असेल तर सहातला एखादाच डाव: सगळ्या मध्यम आणि मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम, एकाच रंगाची मोठी चित्रं. बटणावर, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी बोलायची पाळी असताना, तुमच्याआधी सगळ्यांनी पानं टाकली असतील तर चाळीस टक्क्यांपर्यंत डाव उघडता येतात. एवढा फरक असतो, कारण शेवटी बोलणाऱ्याला बाकीच्यांनी काय केलं ते दिसलेलं असतं. ही एक गोष्ट पक्की केलीत तरी तुम्ही दोन सेंटच्या टेबलावरच्या अर्ध्या लोकांच्या पुढे जाता.

खेळायचं असेल तर अडीच ते तीन बिग ब्लाइंडचा रेज करून, म्हणजे रक्कम वाढवून आत या. आधी कुणी नुसताच ब्लाइंडएवढा कॉल करून बसला असेल तर अशा प्रत्येक माणसामागे आणखी एक ब्लाइंड वाढवा. नुसता कॉल करून डोकवायची सवय सोडा. बऱ्याच मराठी घरांत तीन पत्तीत 'बघू तर खरं' म्हणत चाल टाकली जाते. तीच सवय इथे दर डावाला दोन-दोन सेंट खाते.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. या पातळीवर लोक पानं सोडत नाहीत. मधली जोडी घेऊनही ते शेवटपर्यंत पैसे भरतात. म्हणून ब्लफ जवळजवळ बंद ठेवा, आणि चांगलं पान आलं की पैसे लावा, मोठे लावा, तिन्ही फेऱ्यांना लावा: मधली पहिली तीन पानं (फ्लॉप), चौथं (टर्न) आणि पाचवं (रिव्हर) उघडल्यावर. चोरून हळू खेळू नका. एक्क्यांची जोडी २२१ डावांतून एकदा येते. ती आल्यावर सापळा लावत बसलात तर पॉट वाढतच नाही.

याची उलटी बाजूही तितकीच खरी. इतका वेळ गप्प कॉल करणाऱ्या माणसाने टर्न किंवा रिव्हरला अचानक मोठा रेज केला, तर त्याच्याकडे खरंच काहीतरी आहे. तुमच्या हातात एक्क्यांची जोडी असली तरी ती फक्त जोडी आहे. टाकून द्या. मला हे शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि माझ्या वहीतला सगळ्यात मोठा तोटा याच जागी दिसतो.

आशेवर किती पैसे भरायचे, त्याचंही साधं गणित आहे. पॉटमध्ये २० सेंट आहेत, समोरच्याने १० लावले. तुम्हाला १० भरून ३० जिंकायचे आहेत, म्हणजे चारातून एकदा जिंकलात तर बरोबरी. फ्लशला (एकाच रंगाची पाच पानं) एक पान कमी आहे आणि एकच पान यायचंय: ते येण्याची शक्यता पाचातून एक. फ्लश लागल्यावर समोरचा आणखी पैसे देईल असं वाटत असेल तरच कॉल करा, नाहीतर सोडा. छोटी जोडी घेऊन फ्लॉपला तीन सारखी व्हायची वाट पाहत असाल, तर ती साधारण साडेआठ वेळांतून एकदा लागते. दोघांकडेही समोर भरपूर पैसे (स्टॅक) नसतील तर ती वाट परवडत नाही.

चौथी पायरी: ताशी कमाईचं स्वप्न सोडा

शंभर डावांमागे ५ बिग ब्लाइंड म्हणजे दोन सेंटच्या टेबलावर १० सेंट. एका टेबलावर तासाला साधारण सत्तर डाव होतात. दोन टेबलं लावलीत तर तासाला १४ सेंट. साठ डॉलरचे दीडशे करायला नव्वद हजार डाव लागतील, म्हणजे सहाशेहून जास्त तास. रोज एक तास दिला तरी पावणेदोन वर्षं.

हा हिशेब मी मुद्दाम मांडतो, कारण झटपट श्रीमंतीच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. २००३ मध्ये क्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट शंभर डॉलरच्या आतल्या ऑनलाइन स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. गोष्ट खरी आहे. पण ती एका माणसाची आहे, आणि त्या वाटेवर निघालेले हजारो जण कुठे गेले ते कुणी लिहून ठेवत नाही.

त्यापेक्षा क्रिस फर्ग्युसनचा प्रयोग नवख्याच्या कामाचा आहे. २००६ मध्ये त्याने ठरवलं की एक पैसाही न भरता सुरुवात करायची आणि दहा हजार डॉलरपर्यंत जायचं. सुरुवात फुकटच्या स्पर्धांनी केली. त्याने स्वतःवर घातलेले नियम कडक होते: कॅश टेबलावर गंगाजळीच्या ५ टक्क्यांहून जास्त घेऊन बसायचं नाही, टूर्नामेंटला २ टक्क्यांहून जास्त द्यायचे नाहीत (एक डॉलरच्या स्पर्धेला तेवढी सूट), आणि टेबलावरचे पैसे गंगाजळीच्या १० टक्क्यांवर गेले की उठायचं. जगज्जेता खेळाडू असून त्याला वर्षाहून जास्त काळ लागला. ज्या टेबलांवर तो सेंट मोजत बसला होता तिथे त्याच्यापेक्षा चांगलं कुणीच खेळत नसणार, तरीही.

मग सहाशे तास घालवायचे का? माझं उत्तर: पहिले वीस हजार डाव दोन सेंटवर खेळा. तेवढ्यात तुम्हाला खेळ जमतोय का, आणि मुख्य म्हणजे हरल्यावर तुमचं काय होतं, हे कळतं. वहीत नफा दिसत असेल आणि चुका कमी होत असतील, तर पगारातून भर घालून गंगाजळी दीडशेवर न्यायला हरकत नाही. त्यात कमीपणा नाही. हरलेलं भरून काढायला घातलेली भर मात्र कधीच नको.

पाचवी पायरी: वर चढताना आणि खाली उतरताना

चढायचा नियम सगळे वाचतात. उतरायचा नियम कुणी पाळत नाही, आणि गंगाजळ्या तिथेच बुडतात. माझे आकडे असे: दीडशे डॉलर झाले की पाच सेंटचं टेबल. शंभरच्या खाली आलं की त्याच दिवशी परत दोन सेंटवर. तीनशे झाले की दहा सेंट, दोनशेच्या खाली आलं की परत पाचवर. पैसे सव्वाशेवर असताना वरचं टेबल खुणावत असेल तर तीन बाय-इन, म्हणजे १५ डॉलर, वेगळे मोजा आणि तेवढ्यांवर प्रयत्न करा. ते गेले की खाली. उतरल्यावर दोन सेंटचा पॉट क्षुल्लक वाटतो आणि माणूस बेफिकीर खेळतो. दोन दिवस सुट्टी घ्या, मग बसा.

एका बैठकीत दोन बाय-इन गेले की मी उठतो. दोन डाव असे हरल्यावर जे होतं त्याला टिल्ट म्हणतात: कान गरम होतात, प्रत्येक पान खेळावंसं वाटतं, मोठ्या टेबलाची यादी उघडली जाते. तो क्षण ओळखता आला पाहिजे. दारू घेतली असेल, घरात भांडण झालं असेल, उद्या सकाळी सातला कामावर जायचं असेल, तर त्या रात्री खेळू नका.

आणि उठायचं ठरवूनही उठता येत नसेल, मर्यादा वाढवत असाल, आकडा घरी खोटा सांगत असाल, तर हा प्रश्न गंगाजळीचा राहिलेला नाही. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉपवर एकदा नोंद केली की परवाना असलेल्या सगळ्या साइट सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं तुम्हाला बंद होतात. ओंटारिओत कनेक्स ओंटारिओची मदत फोनवर मिळते. संकोच करू नका, आणि एखाद्या मित्रात ही लक्षणं दिसली तर त्याच्याशी बोला.

सहावी पायरी: वही

साधी वही किंवा एक्सेल. तारीख, टेबल, किती वेळ, किती डाव, नफा-तोटा, आणि शेवटच्या रकान्यात मनःस्थिती. माझ्या वहीत सहा महिन्यांनी दिसलं की रात्री साडेअकरानंतरच्या बैठका जवळजवळ सगळ्या तोट्यात आहेत. त्या बंद केल्या. कुठलाही व्हिडिओ पाहून मला हे कळलं नसतं.

खेळायला दोन तास दिलेत तर अर्धा तास मागचे डाव बघायला द्या. साइट डावांची नोंद ठेवते. हरलेलाच नव्हे, जिंकलेला मोठा डावही उघडा आणि विचारा: तीनही फेऱ्यांना पुरेसे पैसे लावले होते का? खालच्या टेबलावर कमी जिंकलेला डाव ही हरलेल्या डावाइतकीच मोठी गळती असते.

सातवी पायरी: पैसे बाहेर काढून बघा

१५ एप्रिल २०११ ला अमेरिकी सरकारने मोठ्या पोकर साइटवर कारवाई केली. फर्ग्युसनने आपला प्रयोग जिथे केला होता ती फुल टिल्ट त्यातलीच एक, आणि तो स्वतः तिच्या चालकांपैकी होता. खेळाडूंचे पैसे द्यायला तिच्याकडे पुरेशी रक्कमच नाही, असं नंतर उघड झालं. पैसे परत मिळण्याची वाट लोकांना वर्षानुवर्षं पाहावी लागली. म्हणून परवाना तपासा. ब्रिटनमध्ये ग्राहकांच्या पैशाला किती संरक्षण आहे हे कंपनीला आपल्या नियमावलीत लिहावं लागतं. तो परिच्छेद शोधून वाचा.

पहिली शंभरी ओलांडली की वीस डॉलर काढून बँकेत येतात का बघा, मग हवे तर परत भरा. चालू टेबलाला लागतात त्यापेक्षा जास्त पैसे साइटवर पडून ठेवू नका. गंगाजळीचा उरलेला भाग वेगळ्या बँक खात्यात असला तरी तो गंगाजळीतच धरायचा. ब्रिटनमध्ये जिंकलेल्या रकमेवर कर लागत नाही. अमेरिकेत लागतो, तेव्हा तिथल्यांनी वही आणखी जपून ठेवावी.

पाच सेंटच्या टेबलावर पहिल्या दिवशी एकच टेबल लावा आणि दोनशे डाव खेळून थांबा. तिथे लोक तुमच्या रेजवर परत रेज करायला लागतात, आणि बटणावरून उघडलेले तुमचे चाळीस टक्के डाव आता फुकट जाऊ देत नाहीत. ते दोनशे डाव दुसऱ्या दिवशी सकाळी एकेक करून पाहा, आणि संध्याकाळी परत बसा.